फुलाला शेपट्या, बियाला पिसारा : आफ्रिकेतील 'कोंबे' वेलझुडपाची ओळख

(ऊस विकास विभागाकडून)



लागण, खोडवा, खतांच्या मात्रा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या याविषयी आम्ही या वार्तापत्रातून वेळोवेळी लिहितच असतो. या अंकात थोडे शिवाराबाहेर जाऊन एका आफ्रिकी वनस्पतीची माहिती देण्याचे योजिले आहे. तुम्ही म्हणाल, उसाचं सोडून हे आफ्रिकेचं काय काढलं? तर त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे ही वनस्पती आपल्या बांधावरच्या कण्हेरीची सख्खी चुलत बहीण आहे. आणि दुसरे असे की, झाडाची नीट ओळख नसली म्हणजे केवढा घोटाळा होतो, हे या एका झाडाच्या हकिगतीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव 'स्ट्रोफँथस कोंबे'. मलावी, मोझांबिक या भागातले लोक तिला 'कोंबे' म्हणतात. नाव ऐकून आपल्याला उसाचा कोंब आठवेल, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तेथील शिकारी पिढ्यान् पिढ्या हिच्या बिया वाटून बाणाच्या टोकाला लावीत आले. पुढे त्याच बियांपासून हृदयविकारावरचे औषध निघाले. मारणारी आणि तारणारी वस्तू एकच, फरक काय तो मात्रेचा.

वेल म्हणावे की झुडूप?

स्ट्रोफँथसच्या एकूण सुमारे ३८ जाती आहेत. त्यांतील बहुतेक आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यात, तर थोड्या आशियात वाढतात. पैकी कोंबे ही पूर्व आफ्रिकेतली. टांझानिया, मलावी, झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक या देशांतल्या रानात आणि नदीकाठच्या झाडीत ती आढळते.

हिला नुसते वेल म्हणता येत नाही, आणि नुसते झुडूपही म्हणता येत नाही. शेजारी उंच झाड असले की ही त्याचा आधार घेत घेत थेट शेंड्यापर्यंत जाते. बुंधा लाकडासारखा टणक आणि चांगला जाड होतो. आधार नाही मिळाला तर हीच वनस्पती पसरट झुडूप होऊन राहते. कारली-दोडक्याला असतात तसे ताणे हिला नसतात. लांब लवचीक फांद्या दुसऱ्या झाडाच्या फांद्यांतून घुसवायच्या, वेढे घालायचे आणि वर सरकायचे, एवढीच हिची रीत. अशा वनस्पतीला आपण 'वेलझुडूप' म्हणू.

पाने फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीने येतात. कोंबेची पाने रुंद असून त्यांवर लव असते, हाताला खरखरीत लागतात. पाने कोवळ्या फांदीपासून तोडली तर चीक येतो. कोरड्या दिवसांत पाने गळून जातात आणि नवी पालवी फुटायच्या सुमारास फुले येतात. आपल्याकडच्या पळस-पांगाऱ्याचीही रीत काहीशी अशीच. अंगावर पाने कमी असतानाच फुलून घ्यायचे, म्हणजे किडामुंगीला फूल लांबून दिसते.

फुलाच्या शेपट्या

हिचे फूल एकदा पाहिले की माणूस विसरणार नाही. खाली कण्हेरीच्या फुलासारखीच नळी, वर पाच पाकळ्या. पण प्रत्येक पाकळीचे टोक तिथे संपतच नाही. ते बारीक होत होत दोरीसारखे खाली लोंबते, वीतभर सुद्धा लांब होते. फूल फिकट पिवळसर, आत जांभळट-तांबूस रेघा. वाऱ्यावर पाच शेपट्या हलत असतात. कळीमध्ये पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या असतात. या पिळावरूनच १८०२ साली द कांदोल या शास्त्रज्ञाने नाव दिले. ग्रीक भाषेत 'स्ट्रोफोस' म्हणजे पिळलेली दोरी आणि 'अँथोस' म्हणजे फूल.

फुलाच्या घशाशी दहा लहान खवले असतात. आत पाच पुंकेसर असून त्यांची टोके एकमेकांना टेकून शंकूसारखी टोपी तयार होते. ही टोपी कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, घट्ट चिकटलेली असते. एखादे कण्हेरीचे फूल उभे चिरून पाहा, घशातली झालर आणि आतली टोपी तिथेही दिसेल. शास्त्रज्ञ नात्यांची जुळणी करतात ती अशा खुणांवरून. कण्हेर, बिट्टी, तगर, चाफा, सदाफुली, करवंद, कुडा, सातवीण ही सारी मंडळी एकाच कुळातली. या कुळाला मराठीत 'करवीर कुल' म्हणतात. रुईलाही हल्ली याच कुळात धरतात. आपले कोंबेही यातलेच.

जोडशेंग आणि उडणारे बी

फूल झडल्यावर शेंगांची जोडी धरते. कुड्याच्या लांब जोडशेंगा डोंगराच्या बाजूच्या सभासदांनी पाहिलेल्याच असतील. कोंबेच्या शेंगा त्याहून बऱ्याच जाड, लाकडी सालीच्या, वीतभरापासून हातभरापर्यंत लांब. दोन शेंगा देठापाशी जुळलेल्या आणि एकमेकींपासून अगदी विरुद्ध दिशांना ताठ पसरलेल्या. लांबून पाहिले तर झाडाला कोणी आडव्या काठ्या बांधून ठेवल्यात असे वाटावे.

शेंग वाळली की एका बाजूने उलते. आत दाटीने भरलेल्या बिया असतात. बी चपटे, दोन्ही बाजूंना निमुळते, सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब. कोंबेच्या बियेवर बारीक, चकचकीत, हिरवट झाक असलेली लव दाबून बसवल्यासारखी असते. बियेच्या टोकाला एक लांब काडी आणि काडीवर रेशमी केसांचा पिसारा. रुईची म्हातारी उडते ना, तोच प्रकार. उंच झाडाच्या शेंड्यावर चढण्याचा फायदा इथे दिसतो. वरून सुटलेले बी वाऱ्यावर दूरवर जाते. व्यापारात मात्र हा पिसारा मोडून टाकीत आणि नुसत्या बिया पोत्यात भरीत. पुढच्या घोटाळ्याचे मूळ काही अंशी इथेच आहे. झाड नाही, फूल नाही, पिसारा नाही, हातात फक्त बी. मग कसली ओळख?

खरे झाड कोणते?

१८५८ ते १८६४ या काळात डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची झांबेझी नदीवरची मोहीम झाली. तिच्यात जॉन कर्क नावाचे वैद्य आणि वनस्पतितज्ज्ञ होते. बाणाचे विष कशापासून करतात याचा त्यांनी पुष्कळ शोध घेतला, पण गावकरी दर वेळी भलतेच झाड दाखवीत. अखेर शिरे नदीकाठच्या एका गावात उंच झाडावर चढलेली एक वेल शेंगांनी लगडलेली त्यांना दिसली. तोडून द्यायला कोणी तयार होईना, म्हणून कर्क स्वतःच झाडावर चढले. तेव्हा मात्र खालची माणसे घाबरली. चीक जखमेला लागेल, तोंडात जाईल, जपून हात लावा, असे ती सांगू लागली. हीच ती कोंबे, हे अशा रीतीने उघड झाले. लोकांनी गुपित राखले होते, पण परक्या माणसाचा जीव जायची पाळी आली तेव्हा ते गुपित त्यांनीच मोडले. हे आम्हाला विशेष वाटते.

या विषाचा हृदयावर परिणाम होतो हेही कर्क यांना योगायोगाने कळले. ज्या खिशात थोडे विष होते त्याच खिशात त्यांचा दात घासायचा ब्रश राहिला होता. तोंड कडू पडले आणि नाडी एकदम मंदावली. दुसऱ्या दिवशी प्रकृती ठीक झाली, पण खूण पटली. पुढे एडिंबरोचे डॉक्टर थॉमस फ्रेझर यांनी या बियांचा कित्येक वर्षे अभ्यास करून त्यांतील द्रव्याला 'स्ट्रोफँथिन' नाव दिले, आणि १८८५ च्या सुमारास बियांचा अर्क हृदयविकारावर दिला जाऊ लागला.

आता हे द्रव्य करते काय, तेही सांगतो. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत जणू एक पंप असतो. आतले सोडियम बाहेर टाकायचे आणि पोटॅशियम आत घ्यायचे, हे त्याचे काम. निचऱ्याच्या चरातले पाणी उपसणारी मोटरच म्हणा ना. स्ट्रोफँथसचे द्रव्य हा पंप अडवते. थोडा अडवला तर पेशीत कॅल्शियम वाढते आणि दमलेले हृदय जोराने आकुंचन पावते. हे झाले औषध. जास्त अडवला तर ठोक्यांचा ताल बिघडतो आणि हृदय बंद पडते. हे झाले विष. या पंपाचा शोध डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ साली मांडला आणि १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पंपाच्या अभ्यासात स्ट्रोफँथसमध्येच सापडणारे 'वाबाइन' हे द्रव्य फार उपयोगी पडले.

हे द्रव्य रक्तात गेले तरच झपाट्याने काम करते. पोटात गेले तर त्यातले फार थोडे अंगी लागते. म्हणून तर शिकारी बाण लागलेल्या जागेचे मांस काढून टाकून बाकीचे खाऊ शकत.

बियांची सरमिसळ

औषधाला मागणी वाढली तशी आफ्रिकेतून पोतीच्या पोती बी युरोपात येऊ लागले. पण पोत्यात काय होते? कोंबेबरोबर इतर जातींचेही बी. त्यांतल्या दोन मुख्य.

एक 'हिस्पिडस', पश्चिम आफ्रिकेतली. हिच्याही पाकळ्यांना लांब शेपट्या. बी कोंबेपेक्षा थोडे लहान आणि तपकिरी, त्यावरही लव. दुसरी 'ग्रॅटस', तीही पश्चिम आफ्रिकेतली. हिच्या पानांवर लव नाही, फुलाच्या पाकळ्यांना शेपट्या नाहीत, रंग पांढरट-गुलाबी आणि दिसायला फूल कण्हेरीसारखे. बी गुळगुळीत, बिनलवेचे.

झाडावर असताना या तिघी लहान पोरालाही वेगळ्या ओळखता येतील. पोत्यात आल्या की सगळ्या 'स्ट्रोफँथस'. पण आतले द्रव्य सारखे नाही. कोंबेमध्ये अनेक द्रव्यांचे मिश्रण असते, त्याला 'के-स्ट्रोफँथिन' म्हणतात. ग्रॅटसमध्ये मुख्यतः एकच द्रव्य, म्हणजे वाबाइन, आणि ते शुद्ध स्फटिकरूपात काढता येते. जोर निराळा, मात्रा निराळी. अर्काच्या बाटलीवर नाव एकच, आत मात्र कधी हे कधी ते. त्यातून तोंडाने दिलेले औषध अंगी किती लागेल याचाही नेम नाही. रोग्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरने थेंब मोजायचे तरी कोणत्या भरवशावर?

यावर तोड काढण्याचा प्रयत्न झाला. बी आडवे कापून त्यावर तीव्र गंधकाम्लाचा थेंब टाकायचा. कोंबेचे असेल तर गर पाचूसारखा हिरवा होतो, ग्रॅटसचे असेल तर हिरवा रंग येत नाही. पण हिस्पिडसही हिरवा रंग दाखवते, तेव्हा लव, रंग आणि आकार भिंगाखाली पाहावाच लागे. औषधनिर्मितीच्या अधिकृत ग्रंथांत कोणत्या जातीचे बी घ्यावे, ते कसे ओळखावे, याचे नियम घातले गेले. ग्रॅटसचे बिनलवेचे बी चटकन ओळखू येते आणि द्रव्यही एकसारखे निघते, म्हणून पुढे अनेकांनी तीच जात पसंत केली. १९०६ साली जर्मन डॉक्टर फ्रेंकेल यांनी शुद्ध स्ट्रोफँथिन थेट शिरेतून देण्याची पद्धत दाखवली, तेव्हा कुठे मात्रेला ठिकाण आले. आता या औषधाचा वापर फारसा राहिलेला नाही.

दिसायला एक, आतून वेगळे

याही पुढची गंमत ऐका. 'सार्मेंटोसस' नावाची पश्चिम आफ्रिकेतली आणखी एक जात आहे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील जेकब्स व हायडेलबर्गर यांनी तिच्या बियांतून 'सार्मेंटोजेनिन' नावाचे द्रव्य वेगळे केले. वीस वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. १९४९ साली 'कॉर्टिझोन' हे सांधेवातावरचे औषध एकदम गाजले. ते त्या वेळी जनावरांच्या पित्तापासून मोठ्या खटपटीने आणि मोठ्या खर्चाने करावे लागे. सार्मेंटोजेनिनपासून ते सोपे जाईल असे वाटले आणि स्ट्रोफँथसच्या शोधात त्याच वर्षी अमेरिकेतून पथक आफ्रिकेत गेले.

आणि झाले काय? एका भागातून आणलेल्या बियांत द्रव्य भरपूर, दुसऱ्या भागातून आणलेल्या बियांत त्याचा पत्ताच नाही. पान तेच, फूल तेच, बी तेच, नाव तेच. म्हणजे एकाच जातीत आतल्या गुणांनी निराळे वाण होते. भिंग चालेना, डोळा चालेना, प्रत्येक ठिकाणचे बी तपासूनच पाहावे लागे. तोवर मेक्सिकोतील रानकंदापासून आणि घायपाताच्या रसापासून कॉर्टिझोनसारखी औषधे करण्याच्या वाटा सापडल्या आणि स्ट्रोफँथस मागे पडले. घायपाताचा तो रस म्हणजे पानातून वाख काढल्यावर टाकून द्यायचा भाग. मळी आणि चिपाडाची किंमत जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

आपल्या बांधावर

आता वळू आपल्या शिवाराकडे. आपण 'कण्हेर' म्हणतो त्यातही दोन झाडे आहेत. लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची खरी कण्हेर, आणि पिवळ्या फुलांची बिट्टी. कण्हेरीची शेंग लांब आणि बी केसाळ, तर बिट्टीचे फळ गोलसर आणि आत कठीण कवचाचे बी. झाडे दोन, पण दोन्हींत स्ट्रोफँथसच्याच जातकुळीचे, हृदयावर काम करणारे विष आहे. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) कण्हेरीचे कुंपण छाटल्यावर फांद्या बांधावर टाकून ठेवू नयेत. हिरवे पान कडू म्हणून जनावर सहसा खात नाही, पण वाळलेले पान वैरणीत मिसळले तर खाऊन जाते. पान वाळले तरी विष जात नाही.

२) वाढ्याचा भारा बांधताना कुंपणालगतचा पाला त्यात येणार नाही हे पाहावे. ऊसतोड मजुरांनाही तसे सांगावे, त्यांची बैले आपल्याच बांधावर बांधलेली असतात.

३) बिट्टीच्या बियांशी मुले खेळतात. मुलाने बी चावले असा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा. सोबत झाडाची फांदी किंवा फळ न्यावे, म्हणजे डॉक्टरांना ओळख पटेल.

४) छातीत धडधडते म्हणून कोणी कण्हेरीचा काढा सुचविला तर तो घेऊ नये. औषध आणि विष यांतले अंतर इथे केसाएवढे आहे. ते मोजायला मोठमोठ्या प्रयोगशाळांना कित्येक वर्षे लागली.

५) जनावर एकाएकी सुस्त झाले, पोटात कळा आल्या, हगवण लागली आणि आसपास कण्हेर असेल तर पशुवैद्यांना बोलावताना कण्हेरीचा उल्लेख अवश्य करावा.

आणि आपले बेणे

शेवटी आमच्या खात्याचे दोन शब्द. पोत्यातले स्ट्रोफँथसचे बी आणि गाडीतले उसाचे बेणे, दोन्हींचा प्रकार एकच. तोडून, सोलून, मोळी बांधून आले की नाव सांगेल तेच खरे मानायची पाळी येते. कोसी ६७१ लवकर पक्व होते, को ८६०३२ ला त्याहून जास्त दिवस लागतात. दोन्ही एकाच सरीत मिसळले तर तोड केव्हा घ्यावी? एकाला योग्य वेळ ती दुसऱ्याला अयोग्य. उतारा घटतो तो सगळ्यांचाच, कारण गाळप एकत्र होते आणि भावही त्यावरच निघतो.

म्हणून बेणे उभ्या प्लॉटात जाऊन पाहावे. कांडीचा आकार, डोळ्याची ठेवण, देठावरची कूस, पाचट सुटते की नाही, हे सर्व उभ्या उसात दिसते, मोळीत दिसत नाही. आणि सार्मेंटोससचा धडाही विसरू नये. डोळ्याला चांगले दिसले म्हणून आतून चांगलेच असते असे नाही. गवताळ वाढीसारखा रोग बेण्यातूनच पुढे जातो आणि कांडी हातात घेऊन तो कळत नाही. तेव्हा बेणे कोणत्या मळ्यातले, किती महिन्यांचे, त्याला उष्ण बाष्प प्रक्रिया झाली होती का, लागणीचे की खोडव्याचे, एवढे चार प्रश्न विचारल्याशिवाय गाडी भरू नये. शेजारी आहे, पाहुणा आहे, कसं विचारायचं, असा संकोच धरू नये.

लागणीपूर्वी बेणे प्लॉट पाहायचा असल्यास सभासदांनी आपापल्या गट कार्यालयात नोंद करावी. आमचे कर्मचारी बरोबर येतील आणि उसापाशी उभे राहून खुणा दाखवतील.